रंग उडाला, पण पाण्याचे काय?

उन्हाच्या जोरावर सांडपाणी शुद्ध करणाऱ्या पावडरीची बातमी अधूनमधून येतच असते. पावडर बहुधा टिटॅनियम डायऑक्साइडची, म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते तीच. तिच्यावर अतिनील किरण पडले की पाण्यात हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात आणि ते सेंद्रिय रेणूंचे तुकडे पाडतात. पण उन्हात अतिनील किरणांचा वाटा जेमतेम 4-5 टक्के. म्हणून या पावडरीत, म्हणजे या अर्धवाहकात, दुसरे मूलद्रव्य किंचित मिसळतात. यालाच डोपिंग म्हणतात. नायट्रोजन मिसळल्यास दृश्य प्रकाशही कामी येतो, हे 2001 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले आणि मग शोधनिबंधांचा पूरच आला. विज्ञान पक्के आहे. आक्षेप आहे तो त्याची परीक्षा घेण्याच्या पद्धतीवर.

ही परीक्षा अनेकदा मिथिलीन ब्लूवर होते: ऊर्ध्वपातित पाण्यात थोडा निळा रंग, वर दिवा, आणि तासा-दोन तासांत पाणी नितळ. पण हा रंग स्वतःच दृश्य प्रकाश शोषतो, त्यामुळे करामत पावडरीची की रंगाची, हे ठरत नाही. शिवाय रंग जाणे म्हणजे रेणू संपणे नव्हे; एकूण सेंद्रिय कार्बन मोजल्याशिवाय ते कळत नाही. इचलकरंजीच्या कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसमधले पाणी तर आणखी वेगळे. त्यात रंगासोबत मीठ, सोडा आणि सुताची खळही येते. मीठ आणि सोड्यातले क्लोराइड आणि कार्बोनेट तर ते हायड्रॉक्सिल रॅडिकलच गिळतात, आणि गडद पाण्यात प्रकाश फारसा खोल शिरतच नाही. डोपिंगचीही किंमत असते: जास्त झाले की प्रकाशाने सुटलेले इलेक्ट्रॉन कामाला लागण्याआधीच परत जागेवर बसतात. शेवटी ती बारीक पावडर पाण्यातून गाळून काढायची कशी, हा प्रश्न उरतोच.

संशोधनाची सुरुवात सोप्या नमुन्यापासूनच होणार, असे कोणी म्हणेल. कबूल, पण फुजिशिमा आणि होंडा यांचा टिटॅनियम डायऑक्साइडवरचा गाजलेला निबंध 1972 चा आहे, सुरुवात किती काळ चालावी? मग हा नादच सोडायचा का? मुळीच नाही. जैविक प्रक्रियेनंतरच्या नितळ पाण्यात कार्बामाझेपिनसारख्या औषधांचे चिवट अंश उरतात. तिथे या पावडरीला खरी संधी आहे. रंगाने भरलेला हौद तिच्यावर सोपवणे मात्र व्यर्थ. निधी देणाऱ्यांनी निदान एवढे तरी मागावे: फिनॉलसारख्या रंगहीन पदार्थावरची चाचणी, कारखान्याच्या खऱ्या सांडपाण्यातल्या कार्बनचे आकडे आणि तीच पावडर दहाव्यांदा वापरल्यावरचा निकाल.