झटका अचानक, आजार मात्र जुना

मुंबईत १४ डिसेंबर २०२३ रोजी चित्रीकरण आटोपून घरी परतलेले अभिनेते श्रेयस तळपदे यांना हृदयविकाराचा झटका आला. वय अवघे ४७. तातडीच्या अँजिओप्लास्टीमुळे ते बचावले. कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार मात्र ऑक्टोबर २०२१ मध्ये वयाच्या ४६व्या वर्षी गेले. कालपर्यंत धडधाकट दिसणाऱ्या माणसाचे असे कसे होते, हा प्रश्न अशा प्रत्येक बातमीनंतर विचारला जातो.

त्याचे उत्तर हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांत आहे. या धमन्यांच्या अस्तरात कोलेस्टेरॉलयुक्त थर साचण्याची प्रक्रिया तरुणपणीच सुरू होते. धूम्रपान, मधुमेह आणि उच्च रक्तदाब तिला वेग देतात. हा थर वाढत वाढत धमनी पूर्ण बंद करतो आणि मग झटका येतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात धमनी निम्म्याहून कमी अरुंद असतानाही थरावरचे पातळ आवरण फाटू शकते. त्या जागी रक्ताची गुठळी होते आणि काही मिनिटांत वाट बंद होते. ट्रेडमिल चाचणी 'नॉर्मल' आलेल्यालाही झटका येतो, तो यामुळेच.

रक्तपुरवठा पूर्ण तुटल्यावर साधारण अर्ध्या तासात स्नायूपेशी कायमच्या मरू लागतात. ही हानी स्नायूच्या आतील थराकडून बाहेर पसरते आणि सहा तासांत बाधित भागाचे मोठे नुकसान होऊन जाते. मेलेल्या स्नायूच्या जागी व्रण उरतो. तो आकुंचन पावत नाही. उरलेल्या स्नायूवर भार पडून हृदय कमकुवत होते. चार पायऱ्या चढतानाही दम लागतो. काहींच्या हृदयाची लय झटक्यातच बिघडते आणि मृत्यू ओढवतो.

वैद्यकीय संपर्कापासून ९० मिनिटांत धमनी उघडावी, असा अँजिओप्लास्टीचा निकष आहे. ते अशक्य असल्यास गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता येते. मात्र हे घड्याळ रुग्ण डॉक्टरांपर्यंत पोहोचल्यावर सुरू होते. स्नायूचे घड्याळ त्याआधीच चालू झालेले असते. छातीतले दडपण, दरदरून घाम, हाताकडे वा जबड्याकडे जाणारी कळ यांना आपल्याकडे सर्रास 'अॅसिडिटी' ठरवले जाते. मधुमेहींना तर अनेकदा वेदनाही जाणवत नाही.

उपचार आज उपलब्ध आहेत. वाया जातो तो घरातला वेळ. तेव्हा सोडा पिऊन वाट पाहण्यापेक्षा १०८ क्रमांक फिरवून 'ईसीजी' काढून घेणे केव्हाही शहाणपणाचे.