मतदारसंघांची पुनर्रचना आणि विदर्भाचे दुखणे

विधानसभेचे मतदारसंघ कसे आखले जातात, हा विषय सामान्यतः तहसील कचेरीतील नकाशांचा आणि निवडणूक शाखेतील कारकुनांचा समजला जातो. चळवळीतले कार्यकर्तेदेखील निवडणूक जाहीर झाल्यावरच सीमांकडे पाहतात. तोवर रेषा ओढून झालेली असते. वर्धा शहराला लागून असलेल्या नालवाडीच्या मतदाराने २०२४ साली मत दिले ते २००१ च्या जनगणनेवर आखलेल्या मतदारसंघात. आणि राज्याच्या विधानसभेत २८८ जागा असाव्यात, हा आकडा तर १९७१ च्या लोकसंख्येवर ठरलेला. दरम्यान एक पिढी जन्मली, वाढली आणि कामाच्या शोधात घराबाहेर पडली. नकाशाला त्याची खबर नाही.

नालवाडीचे नाव येथे योगायोगाने आलेले नाही. सप्टेंबर १९३२ मध्ये पुणे करार झाला आणि त्याच वर्षअखेर विनोबा दलितांची वस्ती असलेल्या या गावी राहावयास गेले. त्या कराराने मध्य प्रांताच्या विधिमंडळात दलितांसाठी २० जागा राखल्या. १९३७ साली मध्य प्रांत व वऱ्हाडची ११२ जणांची विधानसभा निवडली गेली, तेव्हा मतदारसंघ होते, राखीव जागाही होत्या; परंतु मताचा अधिकार मालमत्ता, कर वा शिक्षण असणाऱ्यांपुरता होता. राबणाऱ्या बहुसंख्यांना तो मिळाला तो स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेने. प्रौढ मताधिकार आला की पुढची पायरी ओघानेच येते : प्रत्येकाचे मत सारख्या वजनाचे हवे, म्हणून मतदारसंघ शक्य तितके समान लोकसंख्येचे हवेत. ही मागणी कोणा पंडिताची नव्हे. इंग्लंडमधील चार्टिस्ट कामगारांनी १८३८ च्या आपल्या सनदेतील सहा मागण्यांत तिचा समावेश केला होता.

हे तत्त्व मान्य केले की विदर्भापुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. न्या. कुलदीपसिंग आयोगाची पुनर्रचना २००८ मध्ये अमलात आली, तेव्हा राज्याच्या एकूण जागा तेवढ्याच राहिल्या. पण विदर्भाच्या ६६ जागांच्या ६२ झाल्या. मुंबईच्या ३४ च्या ३६ आणि तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या १३ च्या २४ झाल्या. वर्धा जिल्ह्याच्या चार जागा टिकल्या, परंतु गिरणीच्या पुलगावचे नाव मतदारसंघांच्या यादीतून गेले आणि तेथे देवळी आले. वर्धा तालुकाही वर्धा आणि देवळी या दोन मतदारसंघांत विभागला गेला. विदर्भात यावर संताप व्यक्त झाला, आणि तो अकारण नव्हता. मागासलेल्या प्रदेशाचा आवाज आधीच क्षीण असताना तो आणखी कमी का करावा, असा हा सवाल आहे.

तरीही जागा गोठवून ठेवा, ही मागणी समाजवाद्यांना मान्य होण्याजोगी नाही. मत माणसाला असते, एकराला नसते. ठाण्याच्या चाळीतील मजुराचे मत वर्ध्याच्या शेतकऱ्याच्या मताहून हलके ठरवून विदर्भाला न्याय मिळणार नाही. कारण तो मजूर पुष्कळदा विदर्भातूनच गेलेला असतो. कोरडवाहू कापसाची शेती आतबट्ट्याची झाली, गिरण्यांचे भोंगे थांबले, आणि माणसांनी रोजगाराची वाट धरली. ज्या प्रदेशात भांडवल एकवटले तेथे श्रम गेले आणि श्रमांमागोमाग जागाही गेल्या. नकाशाने हा असमतोल निर्माण केला नाही. त्याने तो मोजून दाखवला. म्हणून लढा द्यावयाचा तो सिंचनासाठी, कापसाच्या भावासाठी आणि जिल्ह्यातच मिळणाऱ्या कामासाठी.

यातली खरी विसंगती वेगळीच आहे आणि तिची चर्चा फारशी होत नाही. मतदारसंघ आखताना मोजली जाते ती लोकसंख्या, मतदार नव्हे. स्थलांतरित मजूर जनगणनेत जिथे राहतो तिथे मोजला जातो. त्याचे मतदार यादीतले नाव मात्र अनेकदा गावीच राहते किंवा कोठेच नसते. त्याच्या डोक्याच्या हिशेबाने शहराला आमदार मिळतो, पण त्या आमदाराला त्याच्या मताची गरज भासत नाही. जागा वाढते आणि जिच्या बळावर ती वाढली ती वस्ती मुकीच राहते.

दुसरा प्रश्न रेषा ओढण्याच्या पद्धतीचा. २००२ च्या कायद्यानुसार आयोगाला साहाय्य करण्यास राज्यातून पाच खासदार आणि पाच आमदार घेतले जातात. त्यांना मताधिकार नसला, तरी प्रस्थापितांचे म्हणणे आयोगापुढे पोहोचते ते त्यांच्या मुखाने. सामान्य नागरिकाला वाव आहे तो मसुदा प्रसिद्ध झाल्यानंतर हरकती घेण्याचा आणि जाहीर सुनावणीत बोलण्याचा. आयोगाचा अंतिम आदेश न्यायालयात आव्हानापलीकडचा मानला जाई. आदेश उघड मनमानीचा आणि घटनेच्या मूल्यांशी विसंगत असेल तर न्यायालय त्यात लक्ष घालू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटले खरे, पण तो शेवटचा उपाय झाला. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने महिलांच्या एक तृतीयांश जागाही नव्या जनगणनेशी आणि तीनंतरच्या पुनर्रचनेशी जोडल्या. तेव्हा या कामाचे महत्त्व किती वाढले, हे सांगावयास नको.

म्हणून कार्यकर्त्यांनी निवडणुकीची वाट पाहू नये. जनगणनेत एकही झोपडी सुटू नये, स्थलांतरितांची नावे राहत्या ठिकाणी यादीत यावीत, मसुद्याचा नकाशा ग्रामसभेत वाचून दाखवला जावा, आणि शेतमजुरांची वस्ती दोन मतदारसंघांत चिरली जात असेल तर लेखी हरकत मुदतीत दाखल व्हावी, ही कामे घोषणांइतकी आकर्षक नाहीत. पण १९३७ साली ज्यांना मत नव्हते, त्यांच्या नातवंडांच्या मताचे वजन या कामांवरच ठरणार आहे.