कवींनो, आधी वर्गणी भरा

कवितेचा अंक मुंबई-पुण्याबाहेरून निघूच शकत नाही, असं म्हणणाऱ्यांनी जरा मागे पाहावं. नारायण नरसिंह फडणीसांनी १८८७ मध्ये जळगावातून निव्वळ कवितेचं ‘काव्यरत्नावली’ काढलं. केशवसुत त्यात छापून आले. पुरुषोत्तम पाटलांनी १९८५ मध्ये धुळ्यातून ‘कविता-रती’ सुरू केलं. मग पाथर्डीतून का नाही? आमच्या त्रैमासिकात मराठीबरोबर परभाषांतल्या कवितांचे अनुवादही असतात. टेड ह्यूज आणि डॅनिएल वाइसबोर्ट यांनी १९६५ मध्ये इंग्लंडात अनुवादित कवितेचं नियतकालिक काढलं आणि होलुब, पोपा, हर्बर्ट ही पूर्व युरोपातली नावं इंग्रजी वाचकांच्या घरात पोचवली. त्या वाटेवरचं आमचं हे लहानसं पाऊल.

अडचण गावाची नाहीच. अडचण कवींची आहे.

रात्री साडेदहाला व्हॉट्सअॅपवर कविता येते. कधी कधी तर वहीच्या पानाचा फोटो, कडेला अंगठा आलेला. सकाळी विचारणा : ‘सर, कधी छापताय?’ अंक पाहिलाय का, असं विचारलं की निळ्या खुणा उमटतात आणि पलीकडे सामसूम. यातले बरेच जण पगारदार, काही तर मराठी शिकवणारे. वर्षाची वर्गणी त्यांच्या एका हॉटेलच्या बिलाहून कमी.

उलट तिसगावकडचा आमचा एक वर्गणीदार दसऱ्यानंतर टोळीबरोबर ऊसतोडीला जातो. घराला कुलूप, म्हणून त्याचा अंक शेजारच्या आजींकडे ठेवावा लागतो. वर्गणी मात्र उचल हातात पडली की तो भरून टाकतो. त्याने आजवर एकही कविता पाठवलेली नाही.

‘पानाचे पैसे घ्या, पण छापा’ असंही सुचवलं जातं. प्रातिनिधिक काव्यसंग्रहांचा धंदा त्यावरच चालतो : पैसे भरा, पान घ्या, वर सन्मानपत्र. ज्याच्याकडून पैसे घेतले त्याची कविता परत कशी करणार? आणि ‘नाही’ म्हणता आलं नाही तर संपादक हवा कशाला?

सरकारी अनुदानही मला नको. टपालाचा दर तेवढा परवडावा. १८९८ च्या टपाल कायद्याने वृत्तपत्राची सवलत ३१ दिवसांच्या आत निघणाऱ्या, बातम्या आणि चालू विषयांना वाहिलेल्या अंकांपुरती ठेवली होती. तीन महिन्यांनी निघणारी कविता त्यात कुठून बसणार! १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टात विलीन झालं. साध्या टपालाने अंक गहाळ होतो, स्पीड पोस्टाने खिसा. नव्या व्यवस्थेत साहित्याच्या नियतकालिकांसाठी वेगळा दर का नसावा? आणि अनुदानित ग्रंथालयांनी स्पर्धा परीक्षांच्या मासिकांशेजारी कवितेचं एखादं तरी नियतकालिक घ्यायला काय हरकत आहे? आमचंच घ्या, असं नाही. धुळ्याचं घ्या.

आम्ही आता एक नियम केलाय. कविता पाठवायची तर गेल्या अंकातली कोणती कविता पटली नाही आणि का, हे दोन ओळींत लिहून कळवायचं. टपाल एकदम रोडावलं. जे लिहितात ते मात्र झोडपून लिहितात, आणि ती पत्रं आम्ही पहिल्या पानावर छापतो.