कल विचारण्याआधी हात लावू द्या

दहावीचा निकाल लागला की गावोगावी करिअर मार्गदर्शन मेळाव्यांचे फलक लागतात. व्यासपीठावर एखादा अधिकारी, एखादा डॉक्टर आणि हमखास एक क्लासवाला. समोर आईबापांनी दामटून बसवलेली मुलं. दोन तास मोठी स्वप्नं ऐकून ती घरी जातात आणि मित्राने जिथे अर्ज भरला तिथेच भरतात. त्यांचं काय चुकलं?

राज्याने २०१६ मध्ये दहावीच्या मुलांसाठी कल चाचणी सुरू केली. वाणिज्य, ललित कला, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांपैकी मुलाचा ओढा कुठे, हे प्रश्नावलीतून काढायचं. हेतूबद्दल वाद नाही. पण ज्याने आयुष्यात पाना धरलेला नाही, त्याला तांत्रिक कामात रस आहे की नाही हे त्यालाच कुठे ठाऊक असतं? तो सिनेमातला इंजिनिअर आठवून खूण करतो. (गणवेशाची ओढ तर गणवेश बघूनच लागते.)

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला याचं उत्तर कधीचंच सापडलेलं आहे. हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधन सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग तिथे आले आणि १९८३ मध्ये त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. त्यातूनच आठवी ते दहावीसाठी 'आयबीटी', म्हणजे मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय उभा राहिला. आठवड्यातला एक दिवस हाताने काम. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य हे चारही विभाग सगळ्यांना. मुलगी वेल्डिंग करते, मुलगा स्वयंपाक. शिकवायला शक्यतो परिसरातला, ते काम येणारा माणूस. आणि यातली मला सर्वांत पटलेली गोष्ट म्हणजे गावाची खरी कामं करून द्यायची, पैसे घेऊन.

कुंड्यांसाठी लोखंडी स्टँड करायचा आहे, असं धरा. पंचवीस बाय पंचवीस बाय तीनचा अँगल मीटरला साधारण १.१ किलो भरतो, म्हणजे सहा मीटरची लांबी ६.६ किलो. दुकानात भाव किलोवर. कापताना ब्लेडही थोडं लोखंड खातं, तुकडे उरतात, ती घट धरायची. त्यावर वेल्डिंगचे रॉड, वीज, रंग, मजुरी. नववीतलं पोर हा खर्च मांडतं तेव्हा शेकडेवारी पहिल्यांदा त्याच्या कामी येते. गुण्या न लावता जोडलेला स्टँड डुगडुगला, तर गिऱ्हाईक तो परत आणून टाकतं. परीक्षक दोन मार्क कापून मोकळा होतो, गिऱ्हाईक होत नाही. आपल्याला हे जमतं की नाही, आवडतं की नाही, ते मुलाला तिथे कळतं. 'नाही आवडलं' हेही उत्तरच आहे, आणि चौदाव्या वर्षी ते स्वस्तात मिळतं.

यावर एक आक्षेप रास्त आहे: गरिबाच्या पोरांना हातोडा आणि साहेबाच्या पोरांना पुस्तक, असंच होणार ना? १९५३ मध्ये मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजाजींनी शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा व्यवसाय शिकावा, अशी योजना आणली. ती जातीचा धंदा पुन्हा गळ्यात मारणारी आहे म्हणून पेरियारांसह अनेकांनी रान उठवलं आणि पुढच्याच वर्षी नवे मुख्यमंत्री कामराज यांनी ती गुंडाळली. ठीकच झालं. मात्र तिथे मुलाने बापाचं काम शिकायचं होतं. आयबीटीत प्रत्येकाने बापाचं नसलेलंही शिकायचं आहे. फक्त ते 'ढ' तुकडीला वेगळं काढून देऊ नये. अकरावीच्या किमान कौशल्य अभ्यासक्रमांचं आपण तेच केलं: सायन्सला नंबर लागला नाही, मग जा तिकडे.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना तरी व्यवसाय शिक्षणाची ओळख होईल असं म्हटलं होतं. सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवायलाही सांगितलं. त्या दहा दिवसांची सहल व्हायला वेळ लागत नाही: बेकरी बघितली, बिस्किटं खाल्ली, फोटो काढला. शिवाय शाळांत शिकवणारे व्यवसाय प्रशिक्षक कंत्राटी, पगारासाठी ताटकळणारे. ज्याच्या स्वतःच्याच नोकरीचा भरवसा नाही, तो मुलांना नोकरीसाठी तयार करतोय.

जूनमध्ये मुलाला शाळेत घालताना पालक स्मार्ट बोर्ड आहे का विचारतात. त्यासोबत एवढंही विचारा: वर्कशॉपची किल्ली कुणाकडे असते, आणि गेल्या वर्षी वेल्डिंगचे रॉड किती किलो लागले?