एक सहल माडगुळ्याला

डिसेंबर लागला की साताऱ्या-सांगलीच्या शाळांत सहलींची गडबड सुरू होते. एसटी ठरते, वर्गणी गोळा होते, पोरं रायगड नाहीतर कोकण पाहून येतात. याच महिन्याच्या १४ तारखेला, १९७७ साली, कवी ग. दि. माडगूळकर, म्हणजेच गदिमा, गेले. आटपाडी तालुक्यात मी तीस वर्षं मराठी शिकवलं. एक तरी गाडी गदिमांच्या या माणदेशाकडे वळावी, असं मला दरवर्षी वाटतं.

गदिमा म्हटलं की मुलं ‘गीतरामायण’ सांगतात. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेली, सुधीर फडक्यांच्या चालींतली ती ५६ गीतं मुलांना ठाऊक हवीतच. पण शेटफळ्याला आजोळी जन्मलेला, माडगुळ्यात वाढलेला, औंधला शिकलेला हा कवी सिनेमाचाही माणूस होता. कोल्हापुरात मास्टर विनायकांकडे त्यांनी उमेदवारी केली. पुढं गाणी लिहिली, पटकथा लिहिल्या, भूमिकाही केल्या.

व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ची कथा त्यांचीच. १९५७ चा हा चित्रपट राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवून बर्लिनपर्यंत गाजला. त्याचं बीज मात्र आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरचं. आज औंध साताऱ्यात आणि आटपाडी सांगलीत असली, तरी तेव्हा दोन्ही एकाच औंध संस्थानात होती. भवानराव पंतप्रतिनिधींच्या त्या राज्यात, मॉरिस फ्रिडमन या पोलिश इंजिनिअरच्या पुढाकारानं, १९३९ मध्ये कैद्यांची बिनभिंतींची वसाहत उभी राहिली. ती आजही चालू आहे.

एकदा नववीच्या वर्गात खिडक्यांना सतरंज्या बांधून मी हा सिनेमा दाखवला. संपल्यावर मागच्या बाकावरचा एक पोरगा उठला, “सर, हे आपलंच स्वतंत्रपूर?” त्याच्या गावापासून ते हाकेच्या अंतरावर, पण आम्ही कुणी त्याला सांगितलंच नव्हतं. रीतसर परवानगी काढून पोरांना तिथं नेलं. ती आधी भिंत शोधत राहिली. शिक्षा भोगणारा एक माणूस रानात दारं धरत होता. त्यानं खोरं बाजूला ठेवलं, हात धुतले आणि पोरांना कळशीतून पाणी दिलं. परतताना कुणी गोंधळ केला नाही. माझ्या सगळ्या नोकरीत धडा इतका नीट कधी शिकवून झाला नव्हता.

गदिमांची स्मारकं व्हावीत, सभागृहं बांधावीत. पण त्यांची वाट पाहत मुलांच्या पिढ्या शाळेतून बाहेर पडतात. सहलीला तेवढा खर्चही नाही. सकाळी औंधचं संग्रहालय, दुपारी माडगुळे-शेटफळे, परवानगी मिळाली तर उन्हं कलताना स्वतंत्रपूर. आदल्या दिवशी मुलांना सिनेमा दाखवा. माणसावर विश्वास टाकण्याची जगानं वाखाणलेली ती गोष्ट आपल्याच मातीतली आहे, हे मुलांना तिथं उभं राहूनच कळू द्या.