जपानी घाई आणि आपली मराठी

मंडळी, आज थोडं व्याकरण. लगेच पळू नका, परीक्षा घेणार नाही!

दौंडची आमची नात जपानी शिकते आहे. जानेवारी २०२१ मध्ये भारत आणि जपान यांच्यात कुशल कामगारांसाठी करार झाला. त्यामुळे वृद्धांच्या शुश्रूषेसारख्या कामांसाठी तिकडे जायची एक वाट झाली. त्यासाठी साधारणपणे कामाची चाचणी आणि जपानीची एन-४ किंवा त्या तोडीची परीक्षा पास व्हावी लागते. शिरूर-दौंडकडची मराठी माध्यमाची मुलं इथेच कच खातात. "आमचं इंग्रजी कच्चं, मग जपानी कसं जमणार?" माझं म्हणणं, जपानीच्या घरात इंग्रजीच्या दारातूनच कशाला शिरायचं?

घाईचीच वाक्यं घ्या. 'इकानाकेरेबा नारानाइ' म्हणजे जायलाच हवं. फोड केली तर 'न गेल्यास होत नाही'. आपण नाही का म्हणत, "गेल्याशिवाय भागणार नाही"? दोन नकार मिळून सक्ती! घरगुती बोलण्यात जपानी माणूस 'इकानाइ तो…' एवढंच म्हणतो, म्हणजे 'नाही गेलं तर…'. पुढचं ऐकणाऱ्याने समजायचं. शिरूरला रेल्वे नाही. दौंडला जाऊन गाडी धरायची असली की आपल्या घरातही हेच. "अहो, आता नाही निघालात तर…" एवढ्यावर माणूस चपला शोधू लागतो.

आता पुढच्या पातळीचं एक. 'आमे गा फुरानाइ उचि नि काएरिमाशो', पाऊस यायच्या आत घरी जाऊ. यातलं 'फुरानाइ' नकारार्थी आहे. इंग्रजीतून अर्थ लिहिला की तो नकार गळतो आणि मुलं गोंधळतात. मराठीत म्हणा, "पाऊस पडत नाही तोवर घर गाठू." नकार जागच्या जागी.

तसंच 'त्सुकि शिदाइ रेनराकु शिमास', पोहोचताच कळवतो. 'शिदाइ' आपल्या 'ताच'सारखंच क्रियापदाला मागून जोडायचं. पण इथे जरा जपून. "गाडी थांबताच तो उतरला" असं आपण घडून गेलेल्या गोष्टीबद्दलही म्हणतो. 'शिदाइ' तिथे चालत नाही, ते पुढे करायच्या कामासाठी. हा फरकसुद्धा मराठीशेजारी ठेवला तरच नीट दिसतो.

इंग्रजी शिकू नका असं मी म्हणत नाही. ते लागतंच. पण क्रियापद शेवटी ठेवायची सवय ज्या मुलांना जन्मापासून आहे, त्यांनी जपानीपुढे बिचकावं हे काही बरोबर नाही. शिकवणाऱ्यांना एवढीच विनंती, की फळ्यावर अर्थाचा एक रकाना मराठीचा ठेवा. पोरांची अर्धी भीती तिथेच जाईल.

बघा पटतंय का. जपानी जाणणाऱ्या मंडळींनी अशा आणखी जोड्या जरूर कळवाव्यात, नातीच्या वहीत लिहून घेईन.