शेवटचे वीस हात

बेंबळा प्रकल्पाचा कालवा काठोकाठ भरून वाहत असला, तरी शेतातील पाट फुटलेला असेल, तर पीक तहानलेलेच राहते. यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. घरातील इंटरनेटचेही असेच आहे.

दूरच्या संगणकावर चालणारा खेळ आपल्या पडद्यावर खेळताना तो अडखळला, की मुले कंपनीला दोष देतात आणि अधिक वेगाच्या, अधिक खर्चाच्या जोडणीसाठी वडिलांपाशी हट्ट धरतात. हा हट्ट पुष्कळदा अनाठायी असतो, असे माझे मत आहे. काचतंतूतून प्रकाश एका सेकंदात सुमारे २ लक्ष किलोमीटर धावतो. मुंबई ते यवतमाळ हे अंतर तो सेकंदाच्या काही सहस्रांशांत तोडतो. एवढा प्रवास करून आलेला संदेश ठेचाळतो तो अनेकदा घरातल्या शेवटच्या वीस हातांत!

चित्रपटाचा पुढील भाग, कणगीत धान्य भरावे तसा, आधीच साठवता येतो. खेळाचे तसे नाही. खेळणाऱ्याचे बोट हलल्यावाचून पुढचे चित्र ठरत नाही. आणि अशी चित्रे सेकंदाला बहुधा ६० लागतात. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात अदृश्य लहरींनी भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखविली. त्या घंटेला एकच संदेश पुरेसा होता. खेळाला अखंड ओघ हवा.

शिवाय बिनतारी वाट सामाईक असते. तिच्यावर दोघे एकदम बोलले, तर दोघांनाही थांबून पुन्हा बोलावे लागते. २.४ गिगाहर्ट्झची वाट दूरवर पोचते. पण तिच्यावर शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह भट्टी यांची गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झची वाट अधिक मोकळी असते. पण जाड भिंतीपुढे ती लवकर थकते.

म्हणून राउटर लोखंडी कपाटामागे न दडविता घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवावा. खेळाचे यंत्र तारेने जोडून पाहावे. खेळ सुरळीत चालला, तर दोष घरातला; तरीही अडखळला, तर मात्र कंपनीकडे अवश्य तक्रार करावी.

तार म्हणजे मागासलेपणा, असे काहींना वाटते. मला ते पटत नाही. तारेने खेळणारा मुलगा हवेतील वाट ताईच्या अभ्यासासाठी आणि परगावी असलेल्या काकांशी बोलू पाहणाऱ्या आजीसाठी मोकळी ठेवतो. अर्थात बाहेरून येणारा प्रवाह सर्वांना मिळून एकच असतो. म्हणून ताईची परीक्षा असेल त्या दिवशी खेळ थांबविणे हेही त्याचे कर्तव्यच आहे. पाटाचे पाणी पाळीपाळीने घ्यावे, ही आपल्या शिवारातली जुनी रीत घरातही पाळावयास हवी.